पहिला सामना देवाला. पहिल्या विसांचे काय?

बेसबॉलप्रेमी वाचकांची पत्रे दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर, मोसमाचे पहिले वीसेक सामने झाले की, एकदम वाढतात आणि जूनमध्ये आटतात, हे या सदराच्या टपालावरून आता आम्हाला पाठ झाले आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले पत्र इतरांहून मोठे उत्तर मागते, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सतरा वर्षे पिट्सबर्गमध्ये राहतो आणि येथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा चाहता आहे. पाडव्याला गुढी उभारतो त्याच सुमारास संघाचेही नवे वर्ष सुरू होते, आणि एप्रिल संपण्याआधीच कडुनिंबाची चव तोंडात येते. सामना नऊपैकी सातव्या डावापर्यंत हातात असतो, मग राखीव पिचर (चेंडू फेकणारे) जेथे थांबतात त्या बुलपेनचे दार उघडते आणि आघाडी जाते. एखाद्या दिवशी आमचा पिचर सहा डावांत एकच धाव देतो आणि तरीही आम्ही हरतो. घरी सौभाग्यवती म्हणतात, “एवढा त्रास होतो तर बघता कशाला?” एप्रिलमधल्या हरण्याला खरोखर काही अर्थ असतो, की मी उगाच जीव जाळतो आहे?
— एक वाचक, पिट्सबर्ग

उत्तर : आपण एक प्रश्न विचारला आहे आणि दुसरा न विचारता मांडला आहे. विचारलेला प्रश्न एप्रिलचा आहे. न विचारलेला तीस वर्षांचा आहे. दोहोंची सरमिसळ झाली की जीव जळतो, म्हणून आधी त्यांची फारकत करू.

एक नाणे वीस वेळा उडवून पाहा. दहा वेळा छापा पडावा अशी आपली अपेक्षा असते. पण तो सात किंवा त्याहूनही कमी वेळा पडण्याची शक्यता सुमारे तेरा टक्के असते. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या साखळीत, तीस संघ आहेत. हे तीसही संघ तंतोतंत सारख्या ताकदीचे असते, तरी वीस सामन्यांनंतर त्यांतले सरासरीने चार संघ ७-१३ (सात विजय, तेरा पराजय) किंवा त्याहून वाईट अवस्थेत दिसले असते, आणि त्या चारही गावांतील लोकांनी मॅनेजरचा राजीनामा मागितला असता. मोसम १६२ सामन्यांचा आहे. विसाव्या सामन्यापर्यंत त्याचा जेमतेम आठवा भाग सरलेला असतो.

बॅटरचे आकडे याहून फसवे असतात. रोज खेळणाऱ्या बॅटरच्या वाट्याला वीस सामन्यांत साधारण ऐंशी संधी येतात. त्यांत त्याने सोळा हिट (बेस मिळवून देणारे फटके) मारले तर सरासरी .२०० होते आणि लोक त्याला बसवा म्हणतात; चोवीस मारले तर ती .३०० होते आणि त्याच लोकांना तो ऑल-स्टार वाटू लागतो. मधला फरक तीन आठवड्यांत आठ हिटचा आहे. त्यांतले दोन शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्याला लागून निसटलेले असू शकतात, आणि उरलेल्यांपैकी एखादा चेंडू थंड, दाट हवेत कुंपणाच्या चार फूट अलीकडे पडलेला. जुलैमध्ये तोच चेंडू प्रेक्षकांत जातो.

हाच हिशेब आनंदालाही लागू होतो, हे पायरेट्सच्या चाहत्याला मी वेगळे काय सांगावे? २०२३ साली आपल्या संघाची सुरुवात २०-८ अशी झाली होती आणि गावात लोक ऑक्टोबरमधल्या बाद फेरीच्या गोष्टी बोलू लागले होते. वर्षअखेर आकडा ७६-८६ होता. २०२४ साली पहिले पाचही सामने जिंकले, आणि वर्षअखेर पुन्हा ७६-८६. लागोपाठ दोन वर्षे तोच आकडा. योगायोगानेही थोडी भीड बाळगावी. चांगला एप्रिल आपण खरा मानला आणि वाईट एप्रिल नशिबावर ढकलला, तर ते गणित नव्हे, ती सोय झाली.

आता पत्रातल्या त्या पिचरविषयी. येथे मी आपल्याला नाणे उडवायला सांगणार नाही. २०२५ साली आपल्या पॉल स्कीन्सने नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. दर नऊ डावांमागे त्याच्या नावावर सरासरी १.९७ धावा लागल्या, आणि विजय-पराजयाच्या रकान्यात दहा विजय, दहा पराजय! असा पिचर बरोबरीत सुटतो तेव्हा दोष हवेचा नसतो, फळीत धावा काढणारे बॅटर पुरेसे नसतात. त्याच वर्षी संघाचा हिशेब १२-२६ असताना, ८ मे रोजी, मॅनेजर डेरेक शेल्टन यांना दूर करण्यात आले. त्यानंतर संघ ५९-६५ असा खेळला. म्हणजे थोडी सुधारणा झाली, पण फळी बदलली नव्हती, त्यामुळे निकालही फारसा बदलला नाही. तेव्हा आपली तक्रार एप्रिलविषयी असेल तर ती घाईची आहे; धावांविषयी असेल तर रास्त आहे.

आपल्यासारख्या गावांतील चाहत्याला एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट खुपते, आणि तिच्यामागे एक नियम आहे. खेळाडूची मेजर लीगमधील सेवा सहा वर्षे भरली की तो मोकळा होतो आणि हव्या त्या संघाशी करार करू शकतो. सेवेचे एक वर्ष म्हणजे १७२ दिवस. मोसम त्याहून साधारण दोन आठवड्यांनी मोठा असतो. त्यामुळे तयार झालेल्या तरुण खेळाडूला सुरुवातीचे तीन आठवडे खालच्या लीगमध्ये ठेवले, की त्याचे ते वर्ष अपुरे राहते आणि त्याच्यावरील हक्क संघाला आणखी एक वर्ष मिळतो. मालकांना ही काटकसर वाटते. सरळ भाषेत तिला कोंबडे झाकून ठेवणे म्हणतात. २०२२ च्या करारात यावर एक तोड काढली आहे : वर्षाच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मोजून मिळते. स्कीन्सला २०२४ साली ११ मे रोजी वर बोलावले गेले, तो सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि उशिरा येऊनही त्याचे वर्ष पूर्ण धरले गेले. म्हणून एप्रिलमध्ये पायरेट्सचा संघ पाहताना त्याच्या हाताखालच्या, इंडियानापोलिसच्या ट्रिपल-ए संघात कोण खेळतो आहे याकडेही एक डोळा ठेवावा. जो संघ आपण पाहता तो पुष्कळदा पुरता जमलेला नसतो.

मग एप्रिलमध्ये पाहावे तरी काय? मी दोन-तीन गोष्टी पाहतो. पिचरच्या वेगवान चेंडूचा वेग गेल्या वर्षीपेक्षा ताशी दोन मैलांनी उतरला असेल, तर तो सामना जिंकला तरी मला चैन पडत नाही. कोपर धरून एखादा तरुण पिचर मैदानाबाहेर गेला, की पोटात गोळा येतो, कारण १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केलेली ती शस्त्रक्रिया आता सर्रास होत असली, तरी तिच्यानंतर परतायला वर्ष-दीड वर्ष लागते. बॅटर वाईट चेंडू सोडतो आहे का, फुकटचे बेस मिळवतो आहे का, हे सरासरीपेक्षा लवकर खरे बोलते. आणि संघाचे म्हणाल तर विजयांऐवजी धावा मोजाव्यात. बिल जेम्स या अभ्यासकाची रीत सोपी आहे : काढलेल्या धावांचा वर्ग घ्यावा, दिलेल्या धावांचा वर्ग घ्यावा, आणि पहिल्याला दोहोंच्या बेरजेने भागावे. शंभर काढल्या आणि ऐंशी दिल्या तर उत्तर सुमारे .६१ येते, म्हणजे विसांत बारा विजय. प्रत्यक्षात नऊच जिंकले असतील तर बुलपेनला शिव्या देऊन झाल्यावर शांत झोपावे. नव्वद काढून एकशे वीस दिल्या असतील तर मात्र बारा विजयांचेही पेढे वाटू नयेत.

आता तो न विचारलेला प्रश्न. मी १९९२ च्या ऑगस्टमध्ये शिकायला पिट्सबर्गला आलो, तेव्हा मला या खेळातले बॅट आणि चेंडू एवढेच कळत होते. दोन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरच्या रात्री, वसतिगृहाच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर तीस-चाळीस मुले दाटीने बसली होती. अटलांटात लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना, शेवटचा डाव, पायरेट्स २-० ने पुढे, आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, तीन बादांवर. मग एक धाव गेली, दोन बाद झाले, आणि फ्रान्सिस्को कॅब्रेरा नावाच्या राखीव खेळाडूने डावीकडे चेंडू मारला. बेसवरचा एक जण सहज आला आणि बरोबरी झाली. त्याच्यामागून सिड ब्रीम, जो पूर्वी आमचाच होता आणि ज्याचे गुडघे पार गेलेले होते, लंगडत धावत सुटला. बॅरी बाँड्सचा थ्रो किंचित बाजूला आला, ब्रीमचा पाय प्लेटला आधी लागला, आणि सामना गेला. खोलीत कोणी बोलले नाही. कोणीतरी टीव्ही बंद केला. बाँड्स त्या हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला गेला, आणि पुढची सलग वीस वर्षे पायरेट्स जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरले. हे उत्तर अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात पूर्वी घडले नव्हते.

म्हणून एप्रिलमध्ये आठव्या डावात आघाडी गेली की आपल्याला जे दुखते ते त्या सामन्याचे दुखणे नसते. ब्रीम पुन्हा पुन्हा धावत असतो. मला वाटते, हे एकदा ओळखले की निम्मा भार उतरतो. उरलेल्या निम्म्यासाठी २०१३ साल आहे. १ ऑक्टोबरला वाइल्ड कार्डचा, म्हणजे बाद फेरीत पुढे जाण्याचा एकमेव, सामना आपल्या मैदानावर होता, काळे कपडे घातलेले प्रेक्षक सिनसिनाटीच्या पिचरचे नाव हेल काढून घेत होते, आणि त्या गोंगाटात जॉनी क्वेटोच्या हातून चेंडू खाली पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. त्या संध्याकाळची किंमत आपण एकवीस वर्षे हप्त्याहप्त्याने भरली होती. तेवढे हप्ते न भरता ती मिळाली असती तर तिची गोडी तीच राहिली असती का, हे मला सांगता येणार नाही. पण ज्यांनी ती पाहिली ते अजून तिच्याविषयी बोलताना खुर्चीवरून उठतात.

सौभाग्यवतींच्या प्रश्नाला माझे उत्तर व्यवहाराचे आहे. त्यांना एकदा एप्रिलमध्येच मैदानावर न्या. गाडी नदीपलीकडे ठेवा आणि सामन्याच्या दिवशी गाड्यांना बंद केलेल्या रोबेर्तो क्लेमेंते पुलावरून चालत जा. उजव्या कुंपणाची भिंत एकवीस फूट उंच का, तर क्लेमेंतेच्या पाठीवरचा क्रमांक एकवीस होता, हे त्यांना दाखवा. अ‍ॅलेघेनी नदीवरून असे गार वारे येते की पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरताना बोटे वाकत नाहीत. माझ्या जुन्या कार्डांत एप्रिलचे अक्षर ओळखू येते, कारण ते हातमोजा घालून काढलेले असते. मध्येच पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, यांचे सोंग घेतलेली माणसे मैदानाच्या कडेने शर्यत लावतात. त्या शर्यतीला सौभाग्यवती हसल्या, तर पुढचे सामने त्या आपल्याबरोबर बघतील. न हसल्या तर बोळवण म्हणून गरम कोको घेऊन द्यावा.

प्रश्न : आम्ही न्यू यॉर्क मेट्सचे चाहते. एवढ्या कोटी डॉलरचा करार झालेला खेळाडू एप्रिलमध्ये चेंडूला बॅट लावू शकत नाही, हे पाहून संताप होतो. पैसे घेतल्यावर भूक मरते, असेच ना?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : भूक मरते की नाही ते त्या खेळाडूच्या आचाऱ्याला ठाऊक; आकडे काही वेगळे सांगतात. आपल्याच संघाची दोन उदाहरणे देतो. फ्रान्सिस्को लिंडोर २०२४ च्या मेच्या मध्यापर्यंत .२०० च्या खाली घुटमळत होता. त्याला फळीत सर्वांत वर आणले गेले, आणि त्या वर्षी तो नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला. हुआन सोटोचा करार पंधरा वर्षांचा आणि ७६.५ कोटी डॉलरचा. २०२५ च्या वसंतात आपल्यासारखे कितीतरी जण त्याच्यावर तोंडसुख घेत होते. वर्षअखेर त्याच्या नावावर ४३ होम रन आणि ३८ चोरलेले (फटक्याविना धावून मिळवलेले) बेस होते.

पण गंमत पुढे आहे. २०२४ चे मेट्स पहिले पाच सामने हरले, जूनच्या सुरुवातीला २४-३५ होते, आणि ऑक्टोबरमध्ये लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले. २०२५ चे मेट्स १२ जूनला ४५-२४ होते, त्या दिवशी त्यांच्याहून चांगला हिशेब कोणाचाच नव्हता, आणि शेवटच्या दिवशी ८३-७९ वर ते बाहेर पडले. म्हणजे ज्या वर्षी सोटो फळला त्या वर्षी संघ वाळला. आपला संताप आवरा असे मी म्हणत नाही, मेट्सच्या चाहत्याकडून तो काढून घेतला तर त्याच्याकडे उरेल काय? तो जूनपर्यंत शिल्लक ठेवा, एवढेच. खरा उपयोग तेव्हा होतो.

प्रश्न : नेमके कधी मान्य करावे की या वर्षी काही खरे नाही?
— एक वाचक, बाल्टिमोर

उत्तर : जुनी माणसे मेच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे मेमोरियल डेला, गुणतालिका प्रथम उघडतात, तोवर पन्नासेक सामने झालेले असतात. तीही घाईच ठरू शकते. आपल्या शेजारचे वॉशिंग्टन नॅशनल्स २०१९ साली पन्नास सामन्यांनंतर १९-३१ होते. त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि तिच्यातले चारही विजय ह्यूस्टनच्या मैदानावर मिळवले. आता बारा संघ पुढे जातात, त्यामुळे दार पूर्वीपेक्षा उशिरा बंद होते. अर्थात आपण बाल्टिमोरहून लिहिता, आणि १९८८ साली ओरियोल्स पहिले सलग एकवीस सामने हरले होते. तसे पुन्हा झाले तर मेमोरियल डेची वाट पाहण्याची सक्ती नाही.

प्रश्न : माझी नात सिअ‍ॅटलमध्ये राहते, वय वर्षे अकरा. तेथला संघ, मरिनर्स, हरला की मला फोन करून रडते. मी जन्मभर क्रिकेट पाहिले. एका संघाने वर्षात १६२ सामने खेळायचे म्हणजे एका हरण्याचे एवढे काय, असे मला वाटते, पण तिला ते कसे सांगावे कळत नाही.
— एक आजोबा, पुणे

उत्तर : आपण तिला त्रैराशिक घालून द्यावे; अकरा वर्षांच्या मुलीला ते येते. आयपीएलमध्ये संघाचे चौदा साखळी सामने असतात. १६२ ला चौदाने भागले तर साडेअकरा येतात. म्हणजे मुंबई इंडियन्सचा एक पराभव हा मरिनर्सच्या जवळजवळ बारा पराभवांएवढा जड. मुंबईचे चाहते २०१३ पासून वर्षानुवर्षे “पहिला सामना देवाला” म्हणून हसत आले, आणि २०१५ साली तर पहिले चार सामने देवाला वाहून त्यांनी विजेतेपद घेतले. नातीच्या हिशेबाने ते शेहेचाळीस सामने हरण्यासारखे झाले. शेहेचाळीस हा आकडा तिला लक्षात ठेवायला सांगा, कारण २००१ साली तिच्याच मरिनर्सनी ११६ सामने जिंकून सर्वाधिक विजयांच्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि त्या सोन्यासारख्या वर्षातही ते बरोबर शेहेचाळीस हरले. उलट २०२४ साली १२१ सामने हरलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सनीही एक्केचाळीस वेळा जिंकून घरी जाताना हस्तांदोलन केले होते.

मात्र तिचे रडणे उगाच नाही, हेही ध्यानात असू द्यावे. वर्ल्ड सिरीजपर्यंत एकदाही न पोहोचलेला मरिनर्स हा तीस संघांतला एकमेव संघ आहे, आणि २०२५ साली तो तेथून एका सामन्यावर, त्या सामन्याच्या सातव्या डावापर्यंत पुढे असताना, मागे फिरला. टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरचा, आघाडी हिरावणारा तो होम रन तिने पाहिला असेल तर एप्रिलमधला साधा पराभवही तिला मोठा वाटणारच. तिला आकडे सांगण्याआधी त्या रात्रीविषयी विचारा.

आणखी एक सुचवतो. सिअ‍ॅटलचा संध्याकाळचा सामना तेथे सहा चाळीसला सुरू होतो तेव्हा पुण्यात सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झालेली असतात. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावल्यामुळे सामने आटोपशीर झाले आहेत, साधारण पावणेतीन तासांत संपतात. तेव्हा नातीचा फोन सामना संपल्यावर येण्याऐवजी आपणच तो पहिल्या डावाला लावावा, चहा घेत तिच्याबरोबर बघावे, आणि स्ट्राइक म्हणजे काय, फाउल का मोजला, हे तिलाच विचारावे. आजोबांना शिकवताना तिला रडायला सवड मिळणार नाही, आणि दहाच्या आत आपली अंघोळही उरकेल.